खाडा कोणाचा पडणार?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईतल्या नागरी तक्रारींसाठी प्रणाली बनवणाऱ्या एका टीममध्ये प्रश्नकर्त्या काम करतात. फोन, व्हॉट्सॲप किंवा काउंटरवरून आलेली तक्रार एआय वाचणार, योग्य खात्याकडे पाठवणार, तिची तातडी ठरवणार आणि ‘ही निकाली काढता येईल’ अशी शिफारसही करणार. प्रत्येक शिफारशीवर माणसाची मंजुरी आहे, भेदभावाची चाचणी होणार आहे, संमतीचा मजकूर वकिलांनी तपासला आहे. पावसाळ्याआधी सुरू करायचं आहे, हातात सहा आठवडे आहेत. जबाबदार डिझाइन म्हणायला आणखी काय करावं, असं त्या विचारतात.

तुम्ही सांगितलेल्या तिन्ही गोष्टी कराच. पण त्या करूनही एक प्रश्न उरतो, आणि प्रणाली बनवण्याच्या या धंद्यातल्या २७ वर्षांत माझ्या हातून जे बिघडलं ते बहुतेक तो प्रश्न न विचारल्यामुळे बिघडलं. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत बदली कामगार होते. बदलीवाला रोज सकाळी गेटवर उभा राहायचा. आत कोणाचा खाडा पडला तर याला काम, नाही तर परत घरी. त्यामुळे खाडा हा शब्द आमच्या घरात दिवसातून दहादा यायचा. कामावर न गेलेला दिवस आणि त्याचा कापलेला पगार, दोन्ही एकाच शब्दात. प्रणालीची चूक झाली की कोणाचा ना कोणाचा खाडा पडतोच. तो कोणाचा पडणार, हे आधी ठरवा. तुम्ही ठरवलं नाही तरी ते ठरतंच, आणि बहुतेक वेळा ज्याला तो परवडत नाही त्याच्याच डोक्यावर पडतो.

माझीच एक फजिती सांगतो. एका योजनेच्या लाभार्थी यादीतून दुबार नावं शोधण्याचं मॉड्यूल आम्ही बनवलं होतं. योजना कोणती, ते जाऊ द्या. नाव, जन्मतारीख आणि पिनकोड जुळले की प्रणाली दोन्ही नोंदी एकच मानायची आणि दुसरीवर ‘दुबार’चा शिक्का मारायची. चाचणीसाठी आमच्याच ऑफिसातल्या लोकांची माहिती वापरली होती. निकाल झकास आला. प्रत्यक्ष यादीवर चालवलं तेव्हा दुबारांचा पूर आला, आणि आम्ही काय केलं? खूश झालो. एवढी बोगस नावं पकडली म्हणून साहेबांना प्रेझेंटेशन दिलं.

घोळ काय होता ते महाराष्ट्रात वाढलेल्या कोणालाही एका वाक्यात कळेल: १ जून. घरी जन्मलेल्या मुलांची तारीख कोणी लिहून ठेवलेली नसायची. शाळेत नाव घालायला गेलं की गुरुजी वयात बसेल असं वर्ष धरून १ जून लिहून टाकायचे. एका पिढीतले कितीतरी लोक कागदोपत्री एकाच दिवशी जन्मले आहेत. त्यात आडनाव जाधव किंवा शिंदे, नाव सुनीता, पिनकोड एकाच वस्तीचा. आमच्या ऑफिसातल्या पोरांच्या तारखा मात्र प्रसूतिगृहाच्या दाखल्यावरच्या, खऱ्या. म्हणून चाचणीत काही दिसलं नाही. गणित बरोबर होतं, पण गुरुजींची सवय त्या गणितात कुठेच नव्हती.

भांडुपला राहणाऱ्या, घरकाम करणाऱ्या एका बाईंचे पैसे अशाने थांबले. पहिल्या खेपेला त्यांना रेशनकार्ड घेऊन या म्हणून सांगितलं. दुसऱ्या खेपेला साहेब फील्डवर होते. तिसऱ्या खेपेला स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र मागितलं, आपण आपणच आहोत असं. चौथ्या खेपेला काम झालं. चार खाडे, आणि त्या पायी कामाचं एक घरही हातातून गेलं. मला हे कसं कळलं, तर त्या माझ्या बहिणीकडे काम करायच्या. आमच्या अहवालात मात्र याच प्रकरणाच्या दोन नोंदी होत्या, एक ‘पकडलेलं दुबार’ आणि एक ‘यशस्वी दुरुस्ती’. दोन्ही आकडे आमच्या बाजूने. त्या चार दिवसांना आमच्या डेटाबेसमध्ये रकानाच नव्हता.

पुढे जी सुधारणा केली तिच्यात मॉडेलला फारसा हात लावला नाही. नियम उलटा केला. संशय आला तरी पैसे चालू राहतील, आणि पंधरा दिवसांत खात्याचा माणूस घरी जाऊन खात्री करेल. तो गेला नाही तर शिक्का आपोआप निघेल. मग गंमत झाली. तोवर दुबार पकडण्याचा उत्साह असलेले अधिकारीच येऊन सांगू लागले, जरा पक्की खात्री असेल तेव्हाच नाव द्या हो, एवढी माणसं नाहीत आमच्याकडे. यादी झपाट्याने लहान झाली. चूक झाल्याचा खर्च त्यांच्या पायांवर आला, आणि नेमकेपणाची गरज त्यांना स्वतःहून कळली. आम्ही महिनाभर मीटिंगांमध्ये जे समजावत होतो ते या एका नियमाने केलं.

‘सोशिओटेक्निकल’, म्हणजे यंत्र आणि माणसं मिळून एकच व्यवस्था असं मानणारा, हा शब्द हल्ली प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये असतो, पण त्याचा जन्म कॉम्प्युटरशी संबंधित नाही. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतले एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफोर्थ यांनी १९५१ साली ब्रिटनमधल्या कोळसा खाणींबद्दल एक निबंध लिहिला. बॅमफोर्थ स्वतः खाणकामगार राहिलेले. आधी लहान टोळ्या एकमेकांना सांभाळून घेत सुरुवातीपासून शेवटपर्यंतचं काम करायच्या. यंत्रं आली आणि काम पाळ्यांमध्ये तोडलं गेलं. एका पाळीने कापायचं, दुसरीने पुढची मांडणी करायची, तिसरीने भरायचं. आधीच्या पाळीने केलेला गोंधळ पुढच्या पाळीने निस्तरायचा, आणि गोंधळ करणारा समोर नाही. यंत्र चांगलं असूनही काम बिघडलं. दोन वर्षांनी, १९५३ मध्ये, याच संस्थेच्या ए. के. राइस यांनी अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित मागांच्या खात्यात कामाची फेररचना केली. अनेक मागांवर तुकड्यातुकड्याने राबणाऱ्या कामगारांच्या लहान टोळ्या केल्या आणि प्रत्येक टोळीला ठरावीक माग सांभाळायला दिले. माग तेच होते, कामगारही तेच होते. उत्पादन वाढलं आणि खराब माल कमी झाला. मी हे वडिलांना मोठ्या कौतुकाने सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “त्यात काय, जॉबरला विचारलं असतं तरी सांगितलं असतं.” जॉबर म्हणजे गिरणीतला मुकादम.

(या जागी डबेवाल्यांचं उदाहरण द्यायची पद्धत आहे. ते मी देणार नाही, बिचाऱ्यांना मॅनेजमेंटवाल्यांनी पुरेसं पिडलं आहे.)

मुंबईकराला हा विषय लोकलच्या दरवाजावरून जास्त पटेल. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ चालत्या गाड्यांमधून माणसं पडून मेली. साध्या लोकलला बंद होणारे दरवाजे लावा, ही मागणी जुनीच, आणि दरवाजा बंद करणारी यंत्रणा काही अवघड नाही. पण साध्या डब्याचा दरवाजा लावला की आतला श्वास कोंडतो. म्हणून रेल्वेने नव्या डब्यांची घोषणा केली तेव्हा दरवाजासोबत झडपा, छतावरून हवा आणि डब्यातून डब्यात जायची वाट हेही आलं. त्यातही दादरला गर्दीच्या वेळी दरवाजा लागेपर्यंत गाडी किती थांबेल, आणि त्या सेकंदांनी मागच्या गाड्यांचं काय होईल, हे उरतंच. दरवाजा हा सुटा भाग नाही. तुमचं मॉडेलही नाही.

आता तुमच्या प्रणालीत जॉबर कोण ते शोधा. वॉर्ड ऑफिसच्या तक्रार काउंटरवर जो क्लार्क वर्षानुवर्षं बसला आहे, तो. “तुंबलंय” हा एक शब्द घ्या. रस्त्याच्या कडेचं पावसाचं पाणी तुंबलं असेल तर पर्जन्य जलवाहिन्या खातं. मैल्याचा पाइप असेल तर मलनिःसारण. दोन चाळींमधली घरगल्ली असेल आणि कचऱ्याने भरली असेल तर घनकचरा. जागा म्हाडाची, रेल्वेची किंवा बंदराची असेल तर उत्तर येतं, “आमच्या हद्दीत नाही.” क्लार्क हे कसं ओळखतो? पत्त्यावरून, वासाबद्दल एक प्रश्न विचारून, आणि त्या गल्लीचा इतिहास माहीत असल्यामुळे. तुमच्या मॉडेलला फक्त वाक्य मिळतं. आणि अशा क्लार्ककडून जुन्या तक्रारींना शेरे मारून घेऊन तुम्ही मॉडेल शिकवलंत आणि पुढच्या वर्षी त्यांची जागा भरली नाही, तर ते जो एक प्रश्न विचारायचे तो कायमचा गेला. काउंटरवर आठवडाभर बसा. नुसतं बघायला नाही. टोकन वाटा, पत्ते लिहून घ्या.

माणसाची मंजुरी ठेवली आहे म्हणता, तर जरा हिशोब करू. एका माणसाने दिवसाला ३०० शिफारशी बघायच्या आणि कामाचे निव्वळ सात तास धरले, तर एका शिफारशीला ८४ सेकंद येतात. त्यात तक्रार वाचायची, फोटो उघडायचा, आधीच्या तक्रारी बघायच्या. वर तुमच्या स्क्रीनवर ‘मान्य’ला एक क्लिक आणि ‘अमान्य’ला कारण लिहायची चौकट असणार, मी पैजेवर सांगतो. अशा ठिकाणी महिनाभरात अमान्य करणं बंद पडतं. माणूस आळशी असतो म्हणून नव्हे. मशीनच्या विरुद्ध गेला आणि चुकला तर मेमो त्याच्या नावाने निघतो; मशीनसोबत जाऊन चुकला तर “साहेब, सिस्टिमनेच दाखवलं” एवढं पुरतं. मानसशास्त्रज्ञ लिझान बेनब्रिज यांनी १९८३ सालीच लिहून ठेवलं आहे की सोपं काम यंत्राला देऊन अवघड काम माणसाकडे ठेवलं की, त्या अवघड कामासाठी लागणारा सराव मात्र माणसाला मिळेनासा होतो. चाळीस वर्षं झाली. आपण अजून तेच करतोय.

यावर मला उपयोगी पडलेले उपाय साधे आहेत. मान्य आणि अमान्य, दोन्हींना सारखेच क्लिक ठेवा. शिफारस दिसण्याआधी माणसाला स्वतःचं मत नोंदवू द्या, निदान दर दहातल्या एकाला. आणि मुद्दाम चुकीच्या शिफारशी अधूनमधून पेरा. विमानतळावर बॅगांचा एक्स-रे बघणाऱ्यांच्या पडद्यावर अधूनमधून खोट्या हत्याराची प्रतिमा टाकतात, नजर जागी आहे का ते कळायला, तसं. पेरलेली चूक पकडली गेली नाही तर त्या माणसाला धरू नका, त्याच्यावरचा बोजा कमी करा. हे लेखी ठरवून घ्या. नाही तर तुमची युक्ती छळाचं हत्यार होईल, आणि युनियन योग्य कारणाने तुमच्या दारात येईल.

तातडीचा आकडा, म्हणजे कितीच्या वर ‘तातडीचं’ म्हणायचं, याला आपले लोक तांत्रिक बाब म्हणतात. तसं नाही. छातीच्या एक्स-रेवरून क्षयरोगाचा संशय ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरचं घ्या. १५ वर्षांवरच्या लोकांच्या तपासणीसाठी त्याच्या वापराला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली, आणि अशा सॉफ्टवेअरवर काम करणारी एक प्रसिद्ध कंपनी आपल्या मुंबईतलीच आहे. ते सॉफ्टवेअर ‘टीबी आहे’ असं म्हणत नाही, एक गुण देतं. कितीच्या वरच्या माणसाला पुढच्या बेडक्याच्या तपासणीला पाठवायचं, ते तिथल्या कार्यक्रमाने ठरवायचं असतं. रेषा खाली आणली तर निरोगी माणसांच्या जास्त फेऱ्या, बेडक्यातले टीबीचे जंतू शोधणाऱ्या सीबीनॅट मशीनवर जास्त ताण. वर नेली तर कोणीतरी खोकत घरी परततो, दहा बाय दहाच्या खोलीत. गोवंडीत ही रेषा जिथे हवी तिथेच ती कुलाब्यात हवी असं नाही. ती कुठे ओढायची हे डॉक्टरांनी, आरोग्यसेविकांनी आणि बजेट सांभाळणाऱ्यांनी एकत्र बसून ठरवायचं. प्रोग्रामरने ०.५ टाकून मोकळं व्हायचं नाही. तुमच्या प्रणालीतले असे आकडे किती आहेत ते मोजा आणि प्रत्येकासमोर तो ठरवणाऱ्या अधिकाऱ्याचं पद लिहा. पद सापडलं नाही, तर तो आकडा तुमच्या एखाद्या ज्युनिअरने शुक्रवारी संध्याकाळी टाकलेला असणार.

आता ज्या गोष्टीची मला सगळ्यात जास्त धास्ती आहे ती. तुम्ही मॉडेलला शिकवताय जुन्या तक्रारींवरून, आणि यशाची खूण म्हणून धरताय ‘निकाली’ हा शेरा. निकाली म्हणजे काय? मी पाहिलेल्या रजिस्टरांमध्ये निकाली म्हणजे काम झालं, किंवा दुसऱ्या खात्याकडे ढकललं, किंवा फोन उचलला नाही, किंवा पाऊस थांबल्यामुळे पाणी आपोआप उतरलं, किंवा महिनाअखेर आली. या पाच गोष्टींना एकच शब्द आहे आणि तुमचं मॉडेल तो शब्द शिकणार. ते ‘कोणती तक्रार सुटेल’ हे शिकणार नाही, ‘कोणती तक्रार बंद केली तर कोणी ओरडत नाही’ हे शिकेल. आणि ते ते फार छान शिकेल. निदान आकड्यांत तरी ती कार्यक्षमता म्हणून दिसेल. या एका कारणासाठी निकालीची शिफारस तुमच्या प्रणालीतून काढून टाका, असं माझं म्हणणं आहे. त्याबद्दल शेवटी बोलतो.

याच दुखण्याचा दुसरा पदर, तक्रार न करणारे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच वेळी कुलाब्यात सुमारे ७४. फक्त कुलाब्याचा आकडा बघणाऱ्याला त्या दिवशी मुंबईत साधा पाऊस होता. त्यानंतर शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापकं बसली. तक्रारींची पर्जन्यमापकं मात्र अजून कुलाब्यातच आहेत, म्हणजे जिथे लोकांना ॲप वापरता येतं, सोसायटीचा सेक्रेटरी रोज पाठपुरावा करतो आणि नगरसेवकाचा नंबर फोनमध्ये असतो तिथे. जिथे चार वेळा तक्रार करून काही झालं नाही तिथले लोक पाचव्यांदा करत नाहीत. मॉडेलला तिथे सगळं आलबेल दिसतं. म्हणून तातडी ठरवताना तक्रारींच्या संख्येला वजन देऊ नका. आणि ज्या भागातून अचानक काहीच येईनासं झालं आहे त्याची यादी दर आठवड्याला वॉर्डाच्या बैठकीत ठेवा. शांतता हीसुद्धा एक नोंद आहे. ही यादी बनवायला एआय लागत नाही, डेटाबेसला विचारलेला एक साधा प्रश्न (क्वेरी) पुरतो.

भाषेबद्दल थोडक्यात. “नळाला पानी येत नाय दोन दिस झाले” हे वाक्य, तेच रोमन लिपीत, तेच हिंदी-मराठी मिसळून, तेच आवाजी संदेशात कुकरच्या शिट्टीसह, असं सगळं तपासा. मधे कुठे तक्रार इंग्रजीत भाषांतरित होऊन परत मराठीत येत असेल तर दोन्ही टोकं शेजारी ठेवून वाचा. सारांश करताना मॉडेल सुबक लिहितं आणि नेमका ‘सार्वजनिक संडासाच्या मागचा’ हा पत्ता गाळतं, कारण त्याला ते बिनमहत्त्वाचं वाटतं. इथे वस्तीत तोच पत्ता असतो.

दुसरं, एआय फक्त तुमच्या मॉड्यूलमध्ये असेल असं धरू नका. तक्रारदार चॅटबॉटकडून लिहून घेऊन दोन पानी तक्रारी पाठवू लागले आहेत, त्यात कायद्याची कलमं, काही खरी आणि काही नुसती कलमासारखी दिसणारी. आत क्लार्कही उत्तरं तशीच लिहून घेतो, स्वतःच्या फोनवर, फुकटच्या ॲपमध्ये, तक्रारदाराच्या नावानंबरासकट पेस्ट करून. २०२३चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा भिंतीवर लावून हे थांबत नाही. त्याला सोपं, सुरक्षित साधन ऑफिसनेच दिलं तर थांबतं. आणि उत्कृष्ट भाषेतली तक्रार म्हणजे गंभीर तक्रार, हा जुना समज आता तर पार मोडीत निघाला आहे. तुमच्या मॉडेलच्या डोक्यातून तो काढला आहे का, तेही बघा: एकच अडचण मोडक्या आणि सफाईदार भाषेत लिहून द्या आणि तातडी बदलते का पाहा.

चूक झाल्यावरच्या वाटेकडे येऊ. ब्रिटनच्या पोस्ट खात्यातल्या होरायझन या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये चुका होत्या, आणि त्यात दिसणाऱ्या खोट्या तुटीच्या आधारे १९९९ ते २०१५ या काळात ९००हून अधिक पोस्टचालकांना चोरी-अफरातफरीसाठी दोषी ठरवलं गेलं. कॉम्प्युटर बरोबर चालतोय असं तिथला कायदा गृहीत धरायचा. तो चुकलाय हे दाखवायची जबाबदारी गल्ल्यावरच्या माणसाची, आणि नोंदी सगळ्या कंपनीकडे. नेदरलँड्समध्ये बालसंगोपनाच्या अनुदानात हजारो पालकांना लबाड ठरवलं गेलं, आणि जानेवारी २०२१ मध्ये सरकारला राजीनामा द्यावा लागला. तेलंगणात कॉम्प्युटरच्या छाननीवर रेशनकार्डं रद्द झाली, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला प्रत्यक्ष फेरतपासणी करायला सांगावं लागलं. तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे: आपण बरोबर आहोत हे सिद्ध करण्याचा भार ज्याच्याकडे कागद नाहीत त्याच्यावर होता. भांडुपच्या बाईंचं प्रतिज्ञापत्र याच जातीचं.

आपल्याकडे या बाबतीत एक चांगला सांगाडा तयार आहे, त्याला चिकटून राहा. महाराष्ट्राच्या २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्यात अधिसूचित सेवांसाठी मुदत ठरते, पदनिर्देशित अधिकारी असतो, पहिलं अपील, दुसरं अपील, आणि वर आयोग. तुमच्या तक्रारींपैकी सगळ्या त्यात येत नसतील, तरी नमुना तोच घ्या. प्रत्येक निर्णयाखाली पद हवं. ‘प्रणालीद्वारे निर्मित’ ही ओळ नको. अपील फोनवरून, काउंटरवरून, कोणाच्याही मदतीने करता आलं पाहिजे, आणि अपील केलं की तक्रार पुन्हा उघडलीच पाहिजे, कोणाच्या मर्जीशिवाय. अपील बघणारा माणूस पहिल्या शिफारशीवर सही करणारा नसावा, आणि त्याच्या स्क्रीनवर मॉडेलचं मत आधी दिसू नये.

इथे एक सापळा आहे, हुशार लोकही त्यात पडतात. नागरिकाला कारण कळावं म्हणून मॉडेललाच विचारतात, तू असं का ठरवलंस? ते गोड मराठीत तीन ओळी लिहून देतं. त्याच कारणाने निर्णय झाला याची कसलीही हमी नसते. ते निर्णयाला शोभेल असं लिहिलेलं असतं. उद्या अपिलात किंवा माहिती अधिकारात हे ‘कारण’ रेकॉर्ड म्हणून पुढे आलं तर तुम्ही खात्याच्या नावाने एक कल्पित गोष्ट फाइलला लावलेली असेल. त्यापेक्षा रुक्ष पण खरं लिहा: कोणती माहिती वापरली, कोणता नियम लागला, मॉडेलची कोणती आवृत्ती होती, सही कोणाची. करारात हेही घाला की पुरवठादाराने मॉडेल बदललं तर आधी कळवायचं आणि नोंदींची मालकी ऑफिसची राहील. मॉडेल गुपचूप बदलतात आणि सोमवारी सकाळी सगळं थोडं वेगळं वागू लागतं. हा अनुभव मी दोनदा घेतला आहे, दोन्ही वेळा दोष आधी क्लार्कवर ढकलला गेला.

तुमचे सहा आठवडे. पावसाळ्याआधी सुरू करणं हा साहेबांचा आग्रह समजतो, पण कोरड्या महिन्यांच्या तक्रारींवर तपासलेली प्रणाली जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसाला उभी करणं हा जुगार आहे. त्या दिवशी तक्रारी कैकपटीने येतात, सगळ्या ‘पाणी भरलं’ म्हणतात, नेटवर्क जातं, आणि दादरजवळच्या सखल हिंदमाताला पाणी आहे हे सांगायला मॉडेल लागत नाही. म्हणून साहेबांना असा प्रस्ताव द्या. यंदाचा पावसाळा मॉडेल मुकाट्याने शेजारी चालेल. ते काय म्हणालं ते नोंदवलं जाईल, कोणाला दाखवलं जाणार नाही, काम नेहमीच्या पद्धतीनेच होईल. ऑक्टोबरमध्ये क्लार्कचा निर्णय आणि मॉडेलचा निर्णय वॉर्डनिहाय समोरासमोर ठेवायचे, आणि जिथे फरक पडला त्यातल्या थोड्या तक्रारींच्या जागी जाऊन पाहायचं.

साहेब ऐकणार नाहीत, काहीतरी सुरू दाखवावंच लागेल, हेही मला माहीत आहे. मग खात्याकडे पाठवण्याचं काम सुरू करा. तिथे चूक झाली तर एक फाइल चुकीच्या टेबलावर जाते. चुकीच्या खात्याने ती दोन दिवसांच्या आत परत फिरवायची, नाही तर ती त्यांचीच, असा नियम घाला. तातडीचा आकडा फक्त वर चढवायला वापरा, खाली उतरवायला नाही. आणि निकालीची शिफारस काढून त्या जागी एक फोन ठेवा. तक्रार बंद करण्याआधी तक्रारदाराला कॉल जाईल, “काम झालं का, झालं असेल तर १ दाबा, नसेल तर २.” फोन लागला नाही तर तक्रार उघडी राहील. यात एआय नाही म्हणून तुमच्या साहेबांना ते मागासलेलं वाटेल. त्यांना सांगा, ऑक्टोबरपर्यंत या १ आणि २ मधून जो शेरा गोळा होईल तो ‘निकाली’पेक्षा कितीतरी खरा असेल, आणि पुढचं मॉडेल शिकवायचं असेल तर त्याच्यावरच शिकवायचं आहे. मात्र कॉल संध्याकाळी सातनंतर लावा. दुपारी लावलात तर घरकाम करणाऱ्या बाईला तो उचलता येत नाही.